साईचा वाटा

१

पहिली पाळी सुटली की दीपक साडेतीनच्या बसने सातपूरहून सिडकोत यायचा. हातपाय धुवायचा, चहा घ्यायचा आणि बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरपुढे बसायचा. कारखान्यात तो स्टोअरला होता. कुठला नट कुठल्या फळीवर हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. अशा माणसाच्या घरात एखादी गोष्ट जागची हलली तर ती आधी त्यालाच कळणार, हे ओघानंच आलं.

कॉम्प्युटर आणला २००१च्या दसऱ्याला. पोरं दोन, साई अकराचा आणि वेदिका आठची, आणि मशीन एक. पहिल्याच संध्याकाळी झिंज्या धरायची वेळ आली. दीपक मूळचा मखमलाबादच्या मळ्यातला, फुलं-भाजीपाला करणाऱ्या घरातला. त्याला एकच न्याय ठाऊक. हार्ड डिस्क म्हणजे तरी काय, एक वावरच. मशीनच्या स्वतःच्या कामापुरता तुकडा बाजूला ठेवला आणि उरलेल्यात बांध घालायचं ठरवलं. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा, ही घरची रीत. थोरला खोटे वाटे पाडणारच नाही, कारण मोठा वाटा धाकटा उचलून नेणार हे त्याला माहीत असतं.

साईनं जीभ दातात धरून वाटे पाडले. आठ जीबी इकडे, आठ जीबी तिकडे. वेदिकानं दोन्हींकडे संशयानं पाहिलं आणि दुसरा उचलला. त्या वाट्याला मशीननं ई नाव दिलं होतं. साईकडे डी राहिला.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबरात, साई गेला. चार दिवसांचा ताप. पहिल्या दिवशी गोळी दिली, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून पोरानं पोहे खाल्ले, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यातून दीपक आणि सुवर्णा दोघंच परत आले. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही, आणि सांगवतही नाही.

२

जून २००५. वेदिका सातवीत गेली होती. चित्रं काढायचा तिला भारी नाद, तोही कॉम्प्युटरवर. मोर, बैल, सप्तशृंगीचा डोंगर, काही विचारू नका. तिचा वाटा भरला. जागा शिल्लक नाही, असं मशीन दर दोन मिनिटांनी सांगू लागलं.

तिनं तक्रार केली नाही. ती कशाचीच तक्रार करत नसे. दीपकनंच एकदा पाहिलं, पोरगी जुनं एक चित्र पुसून नव्याला जागा करत होती.

"अगं, पुसतेस कशाला? दादाकडे ढीगभर जागा पडलीय."

"ती दादाची आहे," वेदिका म्हणाली.

साईच्या आठ जीबीत मोजून बेचाळीस फाइली होत्या. सगळ्या मिळून एका कोपऱ्यात मावणाऱ्या. सुवर्णा रोज दुपारी स्वयंपाकघर आवरलं की त्या उघडायची. त्यात एक आवाजाची होती, अडतीस सेकंदांची. नवा माइक लावून पाहताना साईनं भरलेली. "आई, चालू झालंय. बोल ना काहीतरी. आई, बोल ना गं." एवढंच. सुवर्णा त्या वेळी कणीक मळत होती, ती काही बोलली नव्हती. तीन वर्षं ती रोज दुपारी त्या पोराशी बोलत होती.

दीपक म्हणाला, "त्याच्यातलं तीन जीबी वेदूला देतो. रिकामंच आहे."

"त्याच्याकडचं कशाला घेता?"

"सुवर्णा, त्याच्या एका फाइलीलाही हात लागणार नाही. फक्त बांध सरकवायचा."

"रिकामं असलं म्हणून काय झालं," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

शाळा उघडल्यानंतरच्या रविवारी त्यानं ते काम केलं. कारखान्यातल्या एकानं वाटे लहानमोठे करणाऱ्या प्रोग्रॅमची सीडी दिली होती. ती घातली की निळा पडदा यायचा आणि त्यावर एक आडवी पट्टी. डावीकडे साईचा पिवळा तुकडा, उजवीकडे वेदूचा हिरवा. मधली रेघ धरून ओढायची आणि ठीक म्हणायचं. चाळीस मिनिटं डिस्क कुरकुरली. मग पिवळं पाच झालं, हिरवं अकरा. मोजून तपासलं. चोख काम.

सोमवारी तो पाळीवरून आला, चहा घेतला, कॉम्प्युटर लावला. आठ आणि आठ.

३

आता यात भिण्यासारखं काय होतं? दीपकनं तेच स्वतःला सांगितलं. सिडकोत वीज दिवसातून तीनदा जाते, काम अर्धवट नोंदलं गेलं असेल. त्यानं पुन्हा सीडी घातली, पुन्हा रेघ ओढली. पाच, अकरा.

मंगळवारी पिवळं आठ पूर्णांक दोन. वेदूचं आठाच्या खाली.

स्टोअरचा माणूस तो. कॅलेंडरच्या मागं पेन्सिलनं रोजचा आकडा लिहू लागला. रेघ रोज थोडी उजवीकडे जायची, कधी बोटभर, कधी केसभर. गावाकडे बांध कोरणारा भाऊबंद असाच कोरतो, एका नांगरटीला नांगराचं एक तास. विचारलं तर म्हणतो, बांध आहे तिथंच आहे, तुझी नजर हलली.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. सरकलेली जागा रिकामी नव्हती. साईच्या वाट्यात फाइली तेवढ्याच होत्या, बेचाळीस, पण मशीन म्हणायचं की पाच जीबी भरलेत. मग सहा. मग नऊ. कशानं भरलेत ते दिसत नव्हतं. दीपकनं लपलेल्या फाइली दाखवायला सांगितलं, व्हायरस शोधला, सगळं करून पाहिलं. काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसलेलं वाढत होतं.

"तुम्ही उगाच डोकं लावताय," सुवर्णा म्हणाली. तिच्या आवाजात कित्येक महिन्यांनी ऊब होती. "वाढतंय तर वाढू द्या की. पोरं वाढतातच."

दीपकला तिला गदागदा हलवावंसं वाटलं, आणि तितकंच तिच्या कुशीत तोंड घालून रडावंसंही वाटलं. त्यानं दोन्हींतलं काहीच केलं नाही. चहाचा कप विसळून ठेवला.

४

आतली खोली पोरांची. दोन लोखंडी कॉट, मध्ये तीन फरश्यांची वाट. साईची कॉट खिडकीच्या भिंतीला, वेदूची समोरच्या. साईची गादी सुवर्णानं काढू दिली नव्हती. दर शनिवारी तिची चादर बदलली जायची.

जुलैत एका दुपारी दीपक आत टॉवेल घ्यायला गेला आणि त्याच्या पायाला कॉट लागली. वाट दोन फरश्यांची झाली होती. साईची कॉट भिंत सोडून पुढं आली होती.

"झाडताना सरकली असेल," सुवर्णा म्हणाली.

त्यानं ढकलून जागेवर लावली. चार दिवसांनी वाट एका फरशीची. मग दोन्ही कॉट एकमेकींना टेकल्या. वेदिका शाळेतून येऊन दुपारी पडायची, ती भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन, गादीच्या अगदी काठाला. तिच्या पाठीमागं बरीच गादी मोकळी होती. मोकळ्या भागातली चादर मात्र चुरगळलेली असायची.

शाळेतून बाईंचं बोलावणं आलं. बाईंनी वही पुढं केली. वेदिकाचं अक्षर बारीक झालं होतं, मुंगीएवढं. पानाच्या डाव्या कडेला चिकटून ती लिहायची आणि उजवीकडचं अर्धं पान कोरं सोडायची.

"मी विचारलं, अशी का लिहितेस? तर म्हणाली, मला पुरतं एवढं," बाई म्हणाल्या. "घरी सगळं ठीक आहे ना?"

दीपक हो म्हणाला. घरी येताना तो स्वतःशी वाद घालत होता. भाऊ गेलेली पोर आहे, तीन वर्षं आईचं तोंड दुसरीकडे, ती आक्रसणारच. त्यात कॉम्प्युटरला दोष कशाला? हे सगळं खरं होतं. खरं असूनही डॉक्टरांकडे नेलं तेव्हा काट्यावर तिचं वजन गेल्या वर्षीपेक्षा तीन किलो कमी भरलं, आणि गेल्या वर्षी आखूड झालेला फ्रॉक तिला परत नीट येऊ लागला होता. डॉक्टरांना कुठलंच दुखणं सापडलं नाही.

"वेदू, तुझं ते डोंगराचं चित्र कुठं गेलं?" त्यानं एकदा विचारलं. तिचा वाटा आता तीन जीबीवर आला होता. आतलं बरंच गेलं होतं.

"कुठलं डोंगराचं?"

"सप्तशृंगीचं. वणीहून आल्यावर काढलेलं. तू, मी, आई पायऱ्या चढत होतो."

ती बराच वेळ आठवत राहिली. मग समजूत घालावी तशी म्हणाली, "पप्पा, मी कधी वणीला आलेच नाहीये."

५

मखमलाबादला सहादूतात्या होते, दीपकचे चुलते. ऐंशीला टेकलेले, पण दीपकचे वडील आणि ते यांच्यातली वाटणी, अंगठे कोणी दिले, साक्षीला कोण होतं, सगळं तोंडपाठ. दीपक रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेला. तात्या झेंडूच्या सरीत पाण्याची दारं धरत होते.

साईचं नाव न काढता त्यानं विचारलं, "तात्या, वाटणी झाल्यावर कुणी मधला बांध सरकवला तर?"

"कुणी सरकवला?"

"समजा, घरातल्याच मोठ्यानं. भल्यासाठीच. एकाचं पडीक होतं, दुसऱ्याला पुरत नव्हतं."

तात्यांनी फावडं टेकवलं. "भल्यासाठी असो का बुऱ्यासाठी. बांध हालला म्हंजी वाटणी मोडली. मोडली की पयल्यापासून उचल आली. ते काय भांडण नाय, रीतच हाय."

"आणि उचल कोणाची आधी?"

"धाकट्याची. तुला काय म्या सांगायचं?"

दीपकला हायसं वाटलं. धाकटी वेदू. म्हणजे तिचंच आधी. तो बसस्टॉपवर येऊन उभा राहिला आणि सवयीनं हिशेब करू लागला. साई गेला तेव्हा बारा वर्षं, दोन महिने, तेरा दिवसांचा होता. हा आकडा तो विसरणं शक्य नव्हतं, दाखल्यासाठी त्यानंच तो काढून दिला होता. वेदूचा जन्म दोन एप्रिल त्र्याण्णवचा. बोटांवर महिने मोजले. पुन्हा मोजले.

पंधरा जूनला वेदू साईएवढी झाली होती. एकोणीसला त्यानं बांध हलवला. तेव्हा ती साईपेक्षा चार दिवसांनी मोठी होती.

बस आली आणि निघून गेली. घरात धाकटा आता साई होता, कायमचा.

६

साईचा वाटा मोडून टाकायचा, बांधच ठेवायचा नाही, सगळी डिस्क वेदूच्या नावानं एक करायची. दुसरा मार्ग दीपकला दिसत नव्हता. आधी त्यानं बेचाळीस फाइली सीडीवर उतरवल्या. तीन सीड्या केल्या. तिन्ही कोऱ्या निघाल्या. दुकानात नेऊन करून आणल्या, त्याही कोऱ्या. दुकानदार ओशाळून म्हणाला की असं कधी होत नाही.

मग सुवर्णाला सांगणं आलं. त्यानं कॅलेंडरमागचे आकडे दाखवले, वही दाखवली, काट्याची चिठ्ठी दाखवली. ती ऐकत होती की नाही कळेना. शेवटी म्हणाली, "एवढा एक आवाज राहिलाय माझ्याकडे. तोही न्या. बापच आहात तुम्ही, तुम्हाला कोण अडवणार?"

"तुला वेदू दिसत नाही का?"

"दिसते की. आहे ना ती. जी आहे तिची काय काळजी?"

बोलल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं असावं. वेदिका दारात उभी होती, चौकटीला चिकटून, किती वेळ कोण जाणे. इतकी बारीक दिसत होती की आधी दीपकला ती दाराच्या पडद्याचीच कड वाटली.

"आई, पप्पा, नका काढू त्याचं," ती म्हणाली. "त्याला राहू दे. मी बसते ना कडेला. मला सवय झालीय."

सुवर्णा खाली बसली. तिनं पोरीला ओढून मांडीवर घेतलं, बारा वर्षांची पोर, आणि ती मांडीत पुरी मावली. पाय बाहेर आले नाहीत. सुवर्णाचा हात तिच्या पाठीवरून फिरत राहिला, एकेक मणका चाचपत, जणू तीन वर्षांत पहिल्यांदाच. मग जो हंबरडा फुटला तो शेजारच्या घरात ऐकू गेला असेल. साई गेला त्या दिवशी ती रडली नव्हती.

"मी करते," ती म्हणाली. "तुम्ही नका करू. मी त्याची आई आहे. माझंच ऐकेल तो."

७

ऑगस्टातला रविवार, दुपारचे दोन. वेदिका जेवून आत पडली होती. सुवर्णानं कॉम्प्युटरपुढं खुर्ची घेतली. आधी तिनं ती फाइल उघडली. "आई, चालू झालंय. बोल ना काहीतरी. आई, बोल ना गं."

"बोलते रे राजा," सुवर्णा म्हणाली. "सरक बाळा जरा. बहिणीला जागा दे."

दीपकनं सीडी घातली. निळा पडदा, आडवी पट्टी. पिवळं एवढं झालं होतं की हिरवं उजव्या टोकाला नखाएवढं उरलं होतं. त्यानं खूण करून दाखवलं, सुवर्णानं दाबलं. पिवळ्याचा रंग गेला. मग हिरव्याला डावीकडं पसरवायचं. मशीननं बजावलं की हे काम मध्येच थांबवलं तर दोन्हीकडचं जाईल. तिनं ठीक म्हटलं. डिस्क कुरकुरू लागली.

वीस टक्के. पस्तीस. सुवर्णानं डोळे मिटून घेतले होते. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

पन्नासच्या पुढं आतल्या खोलीतून घासल्याचा आवाज आला, फरशीवरून लोखंड ओढल्यासारखा. थांबला. पुन्हा आला.

"बघता का?" सुवर्णा डोळे न उघडता म्हणाली.

दीपक उठून दारापाशी गेला. दोन्ही कॉट सुटल्या होत्या. मध्ये तीन फरश्या मोकळ्या होत्या आणि साईची कॉट खिडकीच्या भिंतीकडं गेली होती, पण पुरती टेकली नव्हती. भिंतीत आणि कॉटमध्ये चार बोटांची फट होती. चार बोटांच्या फटीत कोणी उभं राहू शकत नाही. दीपकनं हे स्वतःला सांगितलं, अगदी स्पष्ट शब्दांत.

तो तिथं उभा होता. चवड्यांवर, गाल भिंतीला लावून, पोट आत ओढून, हात अंगाशी गच्च धरून. शाळेची खाकी चड्डी. कुठंच रागावलेला नाही, कुठं हट्ट नाही. लपंडावात कोणी शेजारून जाताना पोरं श्वास धरतात, तसा त्यानं धरला होता. कॉटची लोखंडी पट्टी त्याच्या बरगड्यांत रुतली होती आणि तो तिला ढकलत नव्हता. तो आत आत होत होता, मिळेल तेवढा. दीपकला त्या क्षणी कळलं की या पोरानं काहीच ओढून घेतलं नव्हतं. जे दिलं गेलं तेवढं त्यानं घेतलं होतं. बांध आपण कोरला होता, आई-बापांनी, रोज दुपारी, थोडा थोडा.

साईचे डोळे फिरले आणि त्याच्यावर थांबले.

"पप्पा," तो श्वास न सोडता, हळू म्हणाला, "पुरे?"

मागं डिस्क कुरकुरत होती. दोन ढांगांवर बटण होतं. ते दाबलं की सगळं थांबलं असतं. वेदिका कुशीवर वळली, तिचा एक हात गादीबाहेर लोंबला.

दीपकनं मान हलवली. नाही.

पोरानं आज्ञाधारकपणे आणखी पोट आत घेतलं. कॉट सरकली. तिची पट्टी भिंतीला टेकल्याचा लहानसा आवाज झाला.

तो बाहेर आला तेव्हा पट्टी पूर्ण हिरवी होती. पडद्यावर काम झाल्याचं लिहून आलं होतं. सुवर्णानं डोळे उघडले होते आणि ती पट्टीकडं पाहत होती.

"काही दिसलं?" तिनं विचारलं.

"वेदू झोपलीय."

"कशी?"

दीपकनं सीडी बाहेर काढली. "ऐसपैस," तो म्हणाला.